२०१४च्या शीटवरून २०२४च्या नियमांवर: डी अँड डीच्या नव्या टेबलांसाठी वाटाड्या

गोव्यात डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फासे टाकून भूमिका वठवण्याच्या खेळाचं टेबल, म्हणजे खेळाडूंचा गट, जमतं ते साधारण असं: एकाने २०१४चं प्लेयर्स हँडबुक पुण्याहून येताना आणलेलं असतं, दुसरीकडे २०२४चं नवं कोरं असतं, तिसरा मोबाइलच्या अ‍ॅपवर कॅरेक्टर बनवून येतो आणि चौथ्याला 'वीस पडला की भारी' यापलीकडे काही ठाऊक नसतं. पहिल्याच लढाईत कुणीतरी औषधाची बाटली पितो आणि वाद सुरू होतो. त्यात अ‍ॅक्शन (आपल्या वळणातली, म्हणजे पाळीतली, मुख्य कृती) गेली की छोटी, जादा बोनस अ‍ॅक्शन? दोघांकडे पुस्तक असतं आणि दोघंही बरोबर असतात.

आमचं फोंड्याचं टेबल जुन्या नियमांवरून नव्यावर आलं, ती वाट इथे क्रमाने देतो. त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. जे उघड नवं आहे, ते कुणी विसरत नाही, कारण सगळे ते आवडीने वाचून येतात. टेबल अडखळतं ते जुन्याच नावाखाली आतून बदललेल्या नियमांवर. म्हणून पाचवी पायरी सावकाश वाचा, बाकीच्या भरभर वाचल्या तरी चालेल.

१. हातात कोणती आवृत्ती आहे ते ओळखा

हा खेळ १९७४चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा. पुढे दुसरी आवृत्ती १९८९मध्ये, तिसरी २०००मध्ये, तिची सुधारलेली ३.५ ही २००३मध्ये, चौथी २००८मध्ये आणि पाचवी २०१४मध्ये आली. २०२४मध्ये आलेली पुस्तकं ही पाचवीचीच सुधारित रूपं. कव्हरवर कुठेही 'सहावी' लिहिलेलं नाही आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

ओळखायची सोपी खूण म्हणजे शस्त्रांचा तक्ता. त्यात 'मास्टरी' नावाचा रकाना असेल तर पुस्तक २०२४चं. दुसरी खूण: २०१४च्या पुस्तकात 'रेस'चं (कॅरेक्टरचा वंश) प्रकरण आहे, २०२४च्या पुस्तकात त्याच जागी 'स्पीशीज' आहे आणि शेवटी 'रूल्स ग्लॉसरी' जोडलेली आहे.

एखाद्या काकांच्या कपाटातून निघालेल्या पुस्तकात 'थॅको' दिसलं तर ते पहिल्या दोन आवृत्त्यांच्या काळातलं. तिथे आर्मर क्लास (फटका लागणं किती अवघड तो आकडा) जितका कमी तितका चांगला, आणि थॅकोमधून समोरच्याचा आर्मर क्लास वजा करून किती पडायला हवं ते काढायचं. 'एन्काउंटर पॉवर' आणि 'हीलिंग सर्ज' दिसलं तर ती चौथी. ही पुस्तकं गोष्टींसाठी, नकाशांसाठी, चित्रांसाठी जरूर ठेवा. नियम मात्र त्यांतून उचलू नका.

२. काय काय लागेल

- सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.२ची पीडीएफ. ती फुकट आहे, २०२५मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आली आणि तिच्यात नवे मूळ नियम आहेत. नावाने जवळची ५.१ची फाइलही मिळते, पण ती २०१४च्या नियमांची. डाउनलोड करताना आकडा बघा.
- २०२४चं प्लेयर्स हँडबुक, अख्ख्या टेबलात मिळून एक. वर्गणी काढा.
- डीएमसाठी (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) २०२५चं मॉन्स्टर मॅन्युअल असल्यास उत्तम, नसल्यास वरच्या पीडीएफमधले राक्षस बरेच दिवस पुरतात.
- प्रत्येकाची जुनी शीट (कॅरेक्टरचे गुण आणि आकडे लिहिलेला कागद) आणि एक कोरी नवी शीट.
- पेन्सिल, खोडरबर, प्लास्टिकचं फोल्डर.

शेवटची ओळ गमतीने लिहिलेली नाही. आपल्याकडच्या पावसात कागद आपोआप दमट होतो आणि जेल पेनचे आकडे पसरतात. एचपीच्या (हिट पॉइंट्स, म्हणजे कॅरेक्टरचा उरलेला जीव) रकान्यात ३ आहे की ८ यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. शिवाय आषाढात वीज आणि वायफाय दोन्ही बेभरवशाचे, तेव्हा अ‍ॅपवर शीट असली तरी एक कागदी प्रत हवीच.

सगळी पीडीएफ झेरॉक्सवाल्याकडे छापायला देऊ नका. त्यातली रूल्स ग्लॉसरी तेवढी छापा, पाठपोट, आणि टेबलाच्या मधोमध ठेवा. ती वर्णानुक्रमे आहे, त्यामुळे वाद झाला की शब्द शोधायचा आणि मोठ्याने वाचायचा. ग्लॉसरीच्या दोन प्रती असल्या तर हँडबुकच्या दुसऱ्या प्रतीची गरजच पडत नाही, असं माझं मत आहे.

३. कधी बदलायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवा

गुहेच्या मध्यावर, अर्ध्या लढाईत नियम बदलू नयेत. एखादं प्रकरण संपतं, मंडळी गावात परततात, लेव्हल वाढते, तो क्षण योग्य. आमच्याकडे चवथीला टेबल तसंही बसत नाही. कुणी माटोळी बांधायला गावी जातो, कुणी आरत्यांच्या फेऱ्यांत अडकतो. चवथीआधी प्रकरण बंद करा आणि नंतर नव्या नियमांनी उघडा.

इथे दोन प्रश्नांवर एकमत हवं. पहिला: सगळ्यांनी बदलायचं की ज्याला हवं त्याने? पुस्तकं काढणाऱ्या कंपनीच्या म्हणण्यानुसार २०१४चं कॅरेक्टर नव्या नियमांच्या टेबलावर बसू शकतं. बसू शकतं हे खरं, पण नव्या फायटरशेजारी जुना फायटर बसला की जुन्याचं तोंड दर वळणाला उतरतं. सगळ्यांनी एकदम बदला.

दुसरा: गोड तेवढं दोन्हीकडचं घ्यायचं का? नाही. क्लास (फायटर, पॅलाडिन असा कॅरेक्टरचा पेशा) घेतला की तो संपूर्ण एका आवृत्तीतून घ्यायचा. 'मला नवी मास्टरी हवी आणि जुना स्मायटही' (दोन्ही पुढे येतात) असं म्हणणारा प्रत्येक टेबलावर एक असतोच. त्याला प्रेमाने नाही म्हणा. स्पेल (जादूचे मंत्र) तर सगळ्यांसाठी नव्याच पुस्तकातली.

४. शीट कोऱ्या कागदावर लिहा

जुन्या शीटवर खाडाखोड करू नका. क्रम असा ठेवा.

आधी गुण मूळ पदावर आणा. जुन्या नियमांत रेसमुळे स्ट्रेंग्थ, करिझ्मा वगैरेंत वाढ मिळायची, ती वजा करा. नव्या नियमांत ही वाढ बॅकग्राउंडमधून (कॅरेक्टरची पूर्वपीठिका) येते: बॅकग्राउंडने नेमून दिलेल्या तीन गुणांपैकी एकाला २ आणि दुसऱ्याला १, किंवा तिघांना एक-एक. त्याच बॅकग्राउंडमधून एक ओरिजिन फीटही (फीट म्हणजे खास कौशल्य) मिळते, पहिल्या लेव्हलपासून.

उदाहरण घेऊ. पाचव्या लेव्हलचा हाफ-एल्फ पॅलाडिन, बॅकग्राउंड नोबल. जुन्या शीटवर स्ट्रेंग्थ १६, कॉन्स्टिट्यूशन १४, करिझ्मा १६. हाफ-एल्फचे करिझ्माला २ आणि इतर दोघांना एक-एक काढले की उरतात १५, १३, १४. नव्या नोबलमध्ये स्ट्रेंग्थ, इंटेलिजन्स आणि करिझ्मा आहेत. करिझ्माला २, स्ट्रेंग्थला १ दिले की दोन्ही परत १६. कॉन्स्टिट्यूशन मात्र १३वरच राहतं, म्हणजे मॉडिफायर (गुणावरून फाशात मिळवायचा आकडा) एकने घटतो आणि पाच लेव्हलचे पाच एचपी जातात. बदल्यात स्किल्ड ही फीट मिळते. खेळाडूला हा सौदा पटत नसेल तर डीएमने बॅकग्राउंड बनवून द्यावं: तीन गुण, एक ओरिजिन फीट, दोन स्किल, एका अवजाराचं (टूल) कसब. २०२४च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये त्याची रीत दिली आहे.

हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क नव्या हँडबुकात नाहीत, म्हणून कॅरेक्टर टाकून द्यायचं कारण नाही. जुनीच रेस वापरा, फक्त तिची गुणवाढ सोडून द्या. उलट, जुन्या बॅकग्राउंडमध्ये गुणवाढ नसते, तिथे खेळाडूने आपल्या मर्जीने २ आणि १ (किंवा एक-एक तिघांना) लावायचे आणि एक ओरिजिन फीट निवडायची.

मग सबक्लास, म्हणजे क्लासची शाखा. नव्या नियमांत तो सगळ्यांना तिसऱ्या लेव्हलला मिळतो. जुन्यात क्लेरिक, सॉर्सरर आणि वॉरलॉक यांना पहिल्याला मिळायचा, विझर्ड आणि ड्रुइडला दुसऱ्याला. तुमचं टेबल तिसऱ्याच्या पुढे असेल तर फरक पडत नाही. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला असाल तर क्लेरिकच्या खेळाडूला आधीच सांगा, नाहीतर डोमेन (क्लेरिकचा सबक्लास) गेलं म्हणून तो हिरमुसेल. जुन्या पुस्तकातला सबक्लास नव्या क्लासला जोडायचा असेल, तर त्याची तिसऱ्याआधीची वैशिष्ट्यं तिसऱ्याला द्या.

फीट शेवटी तपासा, कारण इथेच सगळ्यात मोठी रडारड होते. ग्रेट वेपन मास्टर आणि शार्पशूटर यांतला 'फाशावर पाच कमी, डॅमेजवर दहा जास्त' हा जुगार गेला. ज्याने सगळं कॅरेक्टर त्या एका ओळीवर उभं केलंय, त्याला दुसरी फीट निवडू द्या.

अ‍ॅप वापरणाऱ्यांसाठी: डी अँड डी बियाँडवर जुन्या गोष्टींवर 'लेगसी' अशी चिठ्ठी असते. एकाच नावाच्या दोन नोंदी दिसल्या तर चिठ्ठी बघून निवडा.

५. नाव जुनं, नियम नवा

ही यादी मी आमच्या डीएम स्क्रीनच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.

*औषधाची बाटली.* पूर्वी प्यायला अ‍ॅक्शन लागायची. आता स्वतः पिणं किंवा पाच फुटांतल्या दुसऱ्याला पाजणं ही बोनस अ‍ॅक्शन. पुष्कळ टेबलं घरगुती नियम म्हणून आधीपासून असंच खेळत होती.

*एक्झॉशन (थकवा).* जुन्यात सहा पायऱ्या आणि प्रत्येकीचं वेगळं दुखणं: कधी डिसअ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी पडलेला घेणं), कधी वेग निम्मा, कधी एचपी निम्मे. नव्यात पायऱ्या सहाच आणि सहाव्यावर मरणही तेच, पण दर पायरीमागे वीस बाजूंच्या फाशाच्या प्रत्येक टेस्टवर २ कमी आणि वेगात ५ फूट कमी. लक्षात ठेवायला सोपं, त्यामुळे डीएम ते खरोखर वापरू लागतो. तेव्हा सांभाळा.

*सरप्राइज.* पूर्वी गाफील सापडलेल्याचं पहिलं वळण फुकट जायचं. आता त्याला फक्त इनिशिएटिव्हच्या (कुणाची पाळी आधी ते ठरवणाऱ्या) फाशावर डिसअ‍ॅडव्हांटेज. दबा धरून बसणाऱ्या 'रोग' या क्लासला हे आवडत नाही. मला आवडतं, कारण अख्खी लढाई सुरू होण्याआधीच संपत नाही.

*ग्रॅपल (शत्रूला पकडून ठेवणं).* पूर्वी दोघांनी फासे टाकायचे, अ‍ॅथलेटिक्सविरुद्ध अ‍ॅथलेटिक्स किंवा अ‍ॅक्रोबॅटिक्स. आता तो अनआर्म्ड स्ट्राइकचा एक पर्याय आहे: समोरचा स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटीचा सेव्हिंग थ्रो (बचावाचा फासा, थोडक्यात 'सेव्ह') करतो, त्याने गाठायचा आकडा ८ अधिक तुमचा स्ट्रेंग्थ मॉडिफायर अधिक प्रोफिशियन्सी बोनस (लेव्हलनुसार वाढणारा कसबाचा आकडा). ढकलण्यालाही हेच. अ‍ॅथलेटिक्समध्ये एक्सपर्टीज घेऊन बसलेल्या पैलवानाची शीट इथे पुन्हा बघावी लागते.

*लपणं.* आता ठरावीक आकडा आहे: स्टेल्थवर १५. शिवाय शत्रूच्या नजरेआड आणि पुरेशा आडोशामागे असायला हवं. जमलं तर तुम्हाला 'इन्व्हिजिबल' ही अवस्था मिळते आणि तुमचा जो आकडा पडला, तोच तुम्हाला शोधणाऱ्यासाठी लक्ष्य. अवस्थेच्या या नावाने नवे खेळाडू हमखास फसतात आणि लपलेला रोग भर चौकातून निवांत चालत जाऊ पाहतो. शत्रूने तुम्हाला शोधलं, तुम्ही कुजबुजण्यापेक्षा मोठा आवाज केला, हल्ला केला किंवा तोंडी मंत्र म्हणून स्पेल टाकली की लपणं संपतं.

*क्युअर वूंड्स आणि हीलिंग वर्ड.* पहिली १डी८वरून (आठ बाजूंचा एक फासा) २डी८वर गेली, दुसरी १डी४वरून २डी४वर. जुन्या शीटवरून उतरवताना हे राहून जातं आणि क्लेरिक बिचारा अर्ध्या मापाने बरं करत राहतो.

*एका वळणात दोन स्पेल.* जुना नियम बोनस अ‍ॅक्शनच्या स्पेलभोवती फिरायचा आणि कुणालाच नीट सांगता यायचा नाही. नवा साधा आहे: एका वळणात एकच स्पेल स्लॉट (स्पेल टाकायला खर्चायचा, मोजका मिळणारा साठा) खर्च करता येतो.

*डिव्हाइन स्मायट.* पॅलाडिनवाल्यांनो, इथे थांबा. पूर्वी फटका लागला की हवा तेवढा स्लॉट जाळायचा, एका वळणात दोनदा फटका लागला तर दोनदा. आता स्मायट ही स्पेल आहे आणि फटका लागल्यावर लगेच बोनस अ‍ॅक्शनने टाकायची आहे. म्हणजे वळणाला एकदाच. खरी मेख अशी: ले ऑन हँड्सही (हात ठेवून बरं करणं) आता बोनस अ‍ॅक्शन झालं आहे, आणि बाटलीही. तेव्हा स्मायट, हात ठेवणं आणि बाटली, तिघांपैकी एका वळणात एकच. स्पेल असल्यामुळे तिच्यावर काउंटरस्पेलही (दुसऱ्याची स्पेल अडवणारी स्पेल) चालतं. भरपाई म्हणून लाँग रेस्टमागे (मोठी विश्रांती) एकदा ती स्लॉट न खर्चता टाकता येते. वरच्या हाफ-एल्फच्या शीटवर हे चारही मुद्दे एका चौकटीत लिहून ठेवा.

*काउंटरस्पेल.* पूर्वी तिसऱ्या लेव्हलपर्यंतची स्पेल आपोआप मरायची. आता समोरचा कॉन्स्टिट्यूशनचा सेव्हिंग थ्रो करतो. तो फसला तर स्पेल वाया जाते, पण त्याचा स्लॉट वाचतो.

*कॉन्जुअर अ‍ॅनिमल्स.* आठ लांडगे बोलावून प्रत्येकाचा फासा टाकत बसणं संपलं. आता टेबलावर फिरवता येणारा आत्म्यांचा एक कळप येतो. ड्रुइड सोडून बाकी सगळ्यांनी मी ही ओळ वाचून दाखवताच टाळ्या वाजवल्या.

*लाँग रेस्ट.* एचपी तर पूर्ण भरतातच, खर्च झालेले हिट डाइसही (विश्रांतीत बरं व्हायला वापरायचे फासे) आता सगळे परत मिळतात, पूर्वी निम्मे मिळायचे.

६. मास्टरीची कार्डं करा

फायटरला पहिल्या लेव्हलला तीन शस्त्रांची मास्टरी (त्या शस्त्राची खास करामत) मिळते, बार्बेरियन, पॅलाडिन, रेंजर आणि रोग यांना दोन. मास्टरी आठ आहेत. लाँगसोर्डची सॅप (समोरच्याच्या पुढच्या हल्ल्यावर डिसअ‍ॅडव्हांटेज), ग्रेटसोर्डची ग्रेझ (नेम चुकला तरी गुणाच्या मॉडिफायरएवढं डॅमेज), क्वार्टरस्टाफची टॉपल (सेव्ह फसला तर समोरचा आडवा), रेपियरची व्हेक्स (त्याच शत्रूवरच्या पुढच्या हल्ल्याला अ‍ॅडव्हांटेज). लाँगबोची स्लो आणि वॉरहॅमरची पुश ओळखायला सोपी. ग्रेटअ‍ॅक्सची क्लीव्ह शेजारच्यालाही फटका देते. डॅगरची निक तेवढी नीट वाचा: हलक्या शस्त्राचा जादा हल्ला ती बोनस अ‍ॅक्शनऐवजी अटॅक अ‍ॅक्शनमध्येच बसवून देते.

प्रत्येक शस्त्रासाठी पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचं एक कार्ड करा आणि खेळाडूसमोर उभं ठेवा. सुरुवातीच्या लढायांत डीएमने दर फटक्याला 'मास्टरी?' असं विचारावं. टॉपलमुळे मात्र लढाई लांबते, कारण दर फटक्याला एक सेव्ह येतो. त्या खेळाडूने हल्ल्याचा फासा टाकतानाच डीएमने सेव्हचा फासा हातात धरावा.

७. राक्षस आणि जुनी साहसं

२०१४चं साहस नव्या नियमांवर चालतं. राक्षसाचं नाव दोन्हीकडे असेल तर नवा घ्या. पण डोळे झाकून नको. साध्या लांडग्याचं बघा: पूर्वी त्याने चावलं की स्ट्रेंग्थचा सेव्ह करून उभं राहायची संधी होती. नव्यात तो चावला की मध्यम किंवा लहान आकाराचा माणूस थेट आडवा. चावा स्वतः थोडा हलका झालाय, तरी पहिल्या लेव्हलच्या चौघांवर चार लांडगे सोडण्याआधी विचार करा.

लढाई किती अवघड हे मोजायची पद्धतही बदलली. राक्षसांच्या संख्येनुसार एक्सपी (अनुभवाचे गुण) गुणायचं ते जुनं गणित गेलं. आता माणशी बजेट आणि तीन पायऱ्या: लो, मॉडरेट, हाय.

घरी बनवलेले राक्षस टाकू नका. दिवाळीच्या आदल्या रात्री आमच्याकडे गल्लोगल्ली नरकासुर उभे राहतात, आणि ते बघून खेळात नरकासुर न आणणारा डीएम गोव्यात सापडणं कठीण. २०१४च्या नियमांवर बनवलेल्या अशा राक्षसाला दोन दुरुस्त्या पुरतात: इनिशिएटिव्हचा आकडा लिहून ठेवणं (मॉडिफायर, आणि फासा टाकायचा नसेल तर १० अधिक मॉडिफायर), आणि फटक्यानंतरच्या किरकोळ सेव्हपैकी काही काढून परिणाम थेट देणं. तेवढ्यानेही लढाईचा वेग लक्षात येण्याइतका वाढतो.

अगदी जुन्या, थॅकोच्या काळातल्या साहसातला आर्मर क्लास वापरायची वेळ आलीच, तर २०मधून तो वजा करा. तिथला ३ म्हणजे इथला १७. पण त्याहून बरं म्हणजे राक्षसाचं नाव तेवढं घ्यावं आणि आकडे नव्या पुस्तकातून.

८. पहिलं सत्र

कथा पुढे नेऊ नका. एक सराव लढाई ठेवा, परिणाम न मोजता: मेला तर उठला. तिच्यात एक ग्रॅपल, एक बाटली, एक लपण्याचा प्रयत्न आणि एक स्मायट यायलाच हवा, मग ते ओढूनताणून आणावं लागलं तरी.

वाद झाला तर ग्लॉसरी उघडायची, एकाने वाचायचं, डीएमने ठरवायचं. सापडलं नाही तर निर्णय डीएमचा, आणि प्रश्न वहीत. डिचोली-म्हापशाकडे परत जाणाऱ्यांचं लक्ष कदंबच्या शेवटच्या बसकडे असतं, तेव्हा पुस्तकात डोकं घालून अर्धा तास घालवणं परवडत नाही. वहीतल्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या सत्राआधी ग्रुपवर टाका.

बॅकग्राउंड आणि ओरिजिन फीट पहिल्या काही सत्रांपुरती पेन्सिलीनेच राहू द्या. खेळून बघितल्यावर ज्याला बदलायचंय त्याला एकदा बदलू द्यावं. मास्टरीची तेवढी चिंता नको, लाँग रेस्टनंतर शस्त्र बदलायची मुभा नियमातच आहे.